निंबाजीच्या आधीचं पाणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर सोनोंडीच्या विहिरीवरचा उंबर तेव्हा शेळीच्या तोंडाला येईल एवढाच होता, आणि आज त्याच्या बुंध्याला तिघांनी मिळून कवळ घालावी लागते. झाली तेवढी वर्षं.

सोनोंडी हे वारणेच्या खोऱ्यातलं, पण नदीपासून लांब, माळावरचं गाव. जिथे खणाल तिथे काळा खडक. गावात विहीर एकच होती, पण ती एकच शंभरांना भारी. आजूबाजूच्या गावांत माणसं डबक्यातलं पाणी फडक्याने गाळून प्यायची तेव्हाही सोनोंडीच्या विहिरीचं पाणी तिसऱ्या पायरीवर असायचं. चौथी पायरी कुणी कोरडी पाहिली नव्हती, असं म्हणतात.

त्या विहिरीला लागून चिमाक्काचा मळा होता. चिमाक्का विधवा बाई, पदरात दोन मुली. तोंडाने फटकळ, पण कामाला दोन गड्यांना ऐकणार नाही. तिच्या मळ्यातल्या वांग्यांसाठी लोक आठ कोसांवरून बाजाराला यायचे. तिचा नवरा कृष्णाजी होता तोवर सगळं सुरळीत होतं. तो गेला आणि त्याचा लांबचा भाऊबंद रंगोजी याचं लक्ष विहिरीवर गेलं. रंगोजी काही राक्षस नव्हता. सणाला घरी बोलवायचा, मुलींच्या हातावर खाऊ ठेवायचा. पण त्याचं शेत खालच्या अंगाला होतं, आणि विहीर आपली झाली तर आपणही बागायतदार होऊ, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

एक दिवस त्याने पंचांपुढे विषय काढला.

"विहीर आमच्या मूळपुरुषानं खणली, सुभानजीनं," तो म्हणाला. "जो सुभानजीच्या वंशातला, त्याची विहीर. बरोबर न्हवं? मग वैनींची शाखा त्या वंशातली हाय का, हे एकदा बघूया. हेळवी येऊ द्या."

आता हेळवी म्हणजे कोण, हे तुमच्यातल्या लहानांना ठाऊक नसेल. तिकडे दक्षिणेत हेळव्यांची वस्ती असते. सुगी झाली की हेळवी बैलावर बसून, घंटा वाजवत गावोगाव फिरतो, आणि घराघरापुढे उभा राहून त्या घराची वंशावळ म्हणतो. तुमच्या आज्याच्या आज्याचं नाव तुम्हाला येणार नाही, पण हेळव्याला येतं. लोक सुपाने धान्य घालतात, तो घराला आशीर्वाद देतो आणि पुढच्या दारी जातो.

सोनोंडीचा हेळवी सिद्राम. माघात तो आला. रंगोजीच्या दारात उभं राहून त्याने पाच पिढ्या घडाघडा म्हटल्या, थेट सुभानजीपर्यंत. मग तो चिमाक्काच्या दारात आला. मागोमाग पंच आले, अर्धं गाव आलं.

"कृष्णाजी," सिद्रामने सुरुवात केली. "कृष्णाजीचा बाप येसाजी. येसाजीचा बाप भिकाजी. भिकाजीचा बाप निंबाजी. निंबाजीचा..."

आणि तो थांबला. त्याने कमरेचा तांब्या काढला, घोटभर पाणी प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आणि सगळ्यांचा मूळपुरुष सुभानजी."

"बघा!" रंगोजी म्हणाला. "दरसाल असंच करतोय ह्यो. लहानपणापास्नं ऐकतोय मी. निंबाजीचा बाप कोन, ते सांगतच न्हाई. सिद्राम, सांग की नाव!"

सिद्राम गोंधळला. "नाव न्हाई, पाटील. हितं पाणीच प्यायचं असतंय."

गावात कुजबुज सुरू झाली. ही वंशावळ सगळ्यांनी जन्मभर ऐकली होती, आणि हेळव्याचा घसा सुकला असेल म्हणून जन्मभर सोडून दिली होती. पंचांनी डोकी जुळवली आणि निवाडा दिला. अक्षय्य तृतीयेला घरोघर पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी पुजतात. त्या दिवसापर्यंत चिमाक्काने निंबाजीच्या आधीचं माणूस कोण ते साक्षीपुराव्यानिशी सांगावं. सांगता आलं नाही तर तिची शाखा सुभानजीची नव्हे, आणि विहीर रंगोजीची.

विहीर गेली की मळा गेला. मळा गेला की मुलींना घेऊन गाव सोडायचं. चिमाक्काला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्याहून जास्त तिला दुसरंच काही खात होतं. आपल्या घराच्या मुळाशी काय आहे? चोरी? खून? कुणाची लाज? इतक्या पिढ्या तोंडातून निघू नये असं कोण होतं ते? पोरींची लग्नं व्हायची होती, आणि उद्या गावोगाव हेच बोललं जाणार होतं.

तरी तिने हातपाय गाळले नाहीत. सिद्रामला ओसरीवर बसवलं, भाकरी वाढली आणि त्याच्यासमोर बोटं मोजायला लागली.

"सिद्रामअण्णा, भावजींच्या दारात तुम्ही पाच नावं एका दमात घेतलीसा. माझ्या दारात चौथ्यालाच घसा सुकला व्हय तुमचा?"

सिद्रामचा घास हातातच राहिला. "तसं न्हाई अक्का. बापानं तसंच शिकवलंय. एकदा पाणी न पिता मी फुडं म्हटलं, तर फोकानं मारलं हुतं मला."

"आनी दुसऱ्या कुठल्या घरात पिता पाणी?"

सिद्राम विचारात पडला. साठ गावांची घराणी त्याच्या जिभेवर होती. ती सगळी त्याने मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिली. भाकरी गार झाली तरी तो म्हणतच होता. शेवटी त्याने मान वर केली, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"कुठंच न्हाई, अक्का. साठ गावांत कुठंच न्हाई. फक्त तुमच्या घरात."

"मग ते तहानेचं पाणी न्हवं," चिमाक्का म्हणाली. "कायतरी ठिवलंय कुनीतरी तिथं."

सिद्रामची एक म्हातारी आत्या होती, नागव्वा. बाईला वंशावळ म्हणायची मुभा नव्हती. पण बाप पोरांना शिकवायचा तेव्हा ती शेजारी बसून दळायची, आणि ऐकायला कोण अडवणार? या प्रश्नाचं उत्तर असेल तर तिच्याकडेच असेल, असं सिद्राम म्हणाला. चैत्रात त्याची गावांची फेरी संपली तेव्हा चिमाक्काने मुलींना माहेरी पोचवलं, भाकरी बांधून घेतल्या आणि बैलामागून दक्षिणेची वाट धरली. सिद्रामने तिला बैलावर बस म्हणून फार आग्रह केला. "एका बैलावर किती जनांनी बसायचं? त्यानं माझं काय वाईट केलंय?" असं म्हणून ती चालतच राहिली. चार दिवस ती चालली, आणि चारही दिवस निंबाजीच्या बापाला मनात फासावर चढवत राहिली. असं म्हणतात की त्या वाटेवर तिने एकदाही पाणी मागितलं नाही, सिद्रामनेच दिलं तेवढं प्याली.

हेळव्यांच्या वस्तीत नागव्वा जोंधळे दळत बसली होती. तिला दिसत नव्हतं. तिने जातं थांबवलं आणि विचारलं, "कोण आलंय?"

"सोनोंडीची चिमाक्का. निंबाजीच्या घरची सून."

"निंबाजीच्या घरची?" म्हातारी म्हणाली. "मग आधी पाणी पी."

कुणीतरी तांब्या आणून दिला. चिमाक्का प्याली. म्हातारीने तो घोट घशाखाली उतरल्याचा आवाज कान देऊन ऐकला आणि तिचा सुरकुतलेला चेहरा उजळला.

"घेतलंस की तिचं नाव," ती म्हणाली. "लखाईचं."

मग नागव्वाने जे सांगितलं ते असं.

सुभानजीच्या काळात सोनोंडीत विहीर नव्हती. एक ओढा होता, तो तीन वर्षं वाहिला नाही. सुभानजीने गाव उठवलं आणि सगळे नदीकडे निघून गेले. त्या धांदलीत कुणाचं तरी तान्हं पोर कडूनिंबाखाली राहून गेलं. कुणाचं ते कधीच कळलं नाही. त्याच वाटेने दगड फोडणाऱ्यांचा एक तांडा चालला होता. त्यात लखाई होती, एकटी, थोराड हाडाची बाई. पोराचं रडणं तिने ऐकलं. तांडा म्हणाला, चल, इथे पाणी नाही. लखाईने पोर उचललं, आणि मग तिच्याच्याने पाऊल उचललं जाईना, कारण तान्ह्याला चार दिवसांची वाट सोसणार नव्हती. ती म्हणाली, "इथे पाणी नाही ना? मग काढते." तांडा पुढे गेला. ती मागे राहिली.

पोराला झोळीत घालून तिने झोळी निंबाला बांधली आणि पहार उचलली. असं म्हणतात की तिच्या पहारीचा घाव सात कोसांवर ऐकू जायचा, आणि तिकडच्या बायका म्हणायच्या, आभाळ गडगडतंय, वाळवण आत घ्या. असं म्हणतात की हरणी यायची आणि झोळीखाली उभी राहून पोराला दूध पाजून जायची. लखाई स्वतः काय प्यायची? दगडावरचं दव चाटायची, असं म्हणतात. आता हे सगळं जसंच्या तसं घडलं का, ते मी सांगत नाही. मी तिथे नव्हतो, आणि तुम्हीही नव्हता. पण विहीर आहे, आणि ती कुणीतरी खणली आहे.

दुष्काळ सरला, गाव परत आलं. लोकांना वाटलं होतं, घरांची माती झाली असेल. पाहतात तर काय, काळ्या खडकात चौकोनी विहीर, उतरायला पायऱ्या, तिसऱ्या पायरीला पाणी, आणि पाण्यात एक पोरगं बेडकासारखं पोहत होतं. काठावर लखाई बसली होती. तिने सुभानजीला पाणी दिलं. सुभानजी मोठ्या मनाचा माणूस. त्याने विहिरीलगतची जमीन त्या पोराला दिली, पोराचं नाव निंबाजी ठेवलं आणि आपल्या मुलांच्या पंगतीत बसवलं.

त्याच वर्षी सिद्रामचा पूर्वज, सोनोंडीला आलेला पहिला हेळवी, तहानेने अर्धमेला होऊन गावात आला. त्यालाही लखाईनेच पाणी पाजलं. मग तो वंशावळ बांधायला बसला. "निंबाजीच्या बापाचं नाव?" त्याने विचारलं.

"बाप कोण ते ठाऊक न्हाई," लखाई म्हणाली. "मी हाय."

हेळवी पेचात पडला. वंशावळीत बाईचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. आणि जिने जीव वाचवला तिला वगळायचं, तर तेही गळ्याखाली उतरेना. त्याने खूप विचार केला. मग तिच्याकडे पाणी मागितलं, प्याला, आणि आपल्या मुलाला बजावलं की निंबाजीच्या आधी एक घोट पाणी प्यायचं, काही झालं तरी चुकवायचं नाही. मुलाने नातवाला बजावलं. पाणी का प्यायचं ते मात्र पुरुषांच्या डोक्यातून निघून गेलं. ते राहिलं बायकांच्या जात्यावर.

एवढं सांगून नागव्वाने खुंटा धरला आणि जातं फिरवत म्हटलं,

"लखाईनं गं माझ्या, फोडिला काळा खडक
तळाच्या चुन्यात, तिच्या हाताची गं खूण एक."

चिमाक्का ऐकत होती. ऐकता ऐकता तिला हसू यायला लागलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्याने तिला ठसकाच लागला. चार दिवस तिने मनात खुनी आणले, दरोडेखोर आणले. आणि निघालं काय, तर एक बाई, जिला पोर टाकून जाववलं नाही! छातीवरचा धोंडा उतरावा तसं तिला वाटलं. त्या दिवशी तिने नागव्वाचं उरलेलं सगळं दळण दळून दिलं, आणि दळताना ती ओवी पाठ केली.

सोनोंडीत परत येऊन तिने पंचांना सगळं सांगितलं. पंचांनी ऐकून घेतलं, पण रंगोजी हसला.

"जात्यावरची गाणी कवापास्नं साक्ष द्यायला लागली, वैनी? तळाला खूण हाय म्हणता, पण तळ बघितलाय कुनी?"

"मग बघूया," चिमाक्का म्हणाली. "विहीर उपसा. खूण न्हाई निघाली, तर अक्षय्य तृतीयेला पोरींस्नी घेऊन मी गाव सोडीन. तुमच्या दारात रडायला येनार न्हाई."

रंगोजीला एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर दोन मोटा जोडल्या. बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, चामड्याची मोट भरून वर यायची, पाणी पाटात ओतलं जायचं. एक दिवस झाला. पाणी तिसऱ्या पायरीवर. दुसऱ्या दिवशी चार मोटा लावल्या. पाटाचं पाणी रंगोजीच्या शेतातून पार शिवेबाहेर गेलं, आणि विहिरीतलं पाणी तिसऱ्या पायरीवर. तिसऱ्या दिवशी बैल बसले, ते उठेनात. अक्षय्य तृतीया दुसऱ्या दिवशी होती. चिमाक्का काठावर उभी होती आणि तिला कळून चुकलं की आपली विहीर आटत नाही म्हणूनच आपण हरणार आहोत.

दुपार टळता टळता बैलाची घंटा वाजली. सिद्राम आला होता. नागव्वाने त्याला मागोमाग पिटाळलं होतं. "म्हणताना एक चूक राहिली आहे, ती दुरुस्त करून ये," एवढंच ती म्हणाली होती. तो बैलावरून उतरला, विहिरीच्या काठावर उभा राहिला आणि वंशावळ म्हणायला लागला.

"कृष्णाजी. कृष्णाजीचा बाप येसाजी. येसाजीचा बाप भिकाजी. भिकाजीचा बाप निंबाजी. निंबाजीची..."

त्याचा हात सवयीने तांब्याकडे गेला. मग तो तिथेच थांबला. पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम मोडायचा होता, म्हणून त्याने हात मागे घेतला.

"निंबाजीची आई," तो मोठ्याने म्हणाला, "लखाई."

असं म्हणतात की विहिरीने श्वास घेतला. म्हणजे तसा आवाज झाला, आणि पाणी उतरायला लागलं. चौथी पायरी दिसली, पाचवी दिसली, मग दहावी. माणसं काठावरून वाकून बघायला लागली. गुरंसुद्धा कान टवकारून उभी होती. पाणी थेट तळाला गेलं, आणि शेवटच्या थराच्या दगडांतला पांढरा चुना उन्हात चमकला.

(काही लोक म्हणतात, तीन दिवसांच्या उपशाने झराच थकला होता. म्हणू द्यात. ते लोक त्या दिवशी काठावर नव्हते.)

रंगोजी आणि चिमाक्का दोघं पायऱ्या उतरले. मागून पंच उतरले. तळाशी पायांना गार चिखल लागला. चिमाक्काने पदराने चुन्यावरचं शेवाळ पुसलं. शेवाळाखाली हात होता. अख्खा पंजा, आणि मनगटाशी बांगड्यांच्या तीन रेघा. चिमाक्काने आपला हात त्यावर ठेवला, तो त्यात लहान पोराच्या हातासारखा बसला, एवढी ती बाई थोराड होती.

"हात हाय," रंगोजी हळूच म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याने मान हलवली. "बाईनं विहीर खणली, कबूल. पण निंबाजी तिचा कशावरनं?"

चिमाक्का नकळत शेजारचं शेवाळ बोटाने खरवडत राहिली. तिच्या बोटाला एक लहानसा खळगा लागला. मग दुसरा. तिने पदर पुन्हा फिरवला.

मोठ्या पंजाला लागून एक इवलासा पंजा होता. वर्ष-दीड वर्षाच्या पोराचा. पाची बोटं फाकलेली, चुन्यात खोल दाबलेली, आणि त्याच्या मनगटाभोवती मोठ्या माणसाच्या बोटांचे ठसे होते. कुणीतरी ते मनगट धरून ठेवलं होतं, हात नीट उमटावा म्हणून.

रंगोजी त्या पंजाकडे पाहत राहिला. त्याला स्वतःला चार मुलं होती. पोराचा हात असा धरायला किती जोर लावावा लागतो आणि किती जपावं लागतं, ते त्याला माहीत होतं. त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं आणि काखेत घेतलं.

"वैनी," तो म्हणाला, "चुकलो मी. आम्ही सुभानजीचं म्हणून मिरवत आलो. पाणी मात्र हिचं पितोय. विहीर तुमची."

"लखाईची," चिमाक्का म्हणाली. तिचा फटकळपणा काही गेला नव्हता. "आनी ती कुनाला न्हाई म्हनली न्हवती. तवा तुम्ही बी भरा पाणी. चला आता वर, न्हाईतर बुडाल, आनी तुमच्या बायकूला तोंड मलाच द्यावं लागंल."

ते वर आले, आणि शेवटच्या माणसाचं पाऊल काठावर पडलं तोच खालून पाणी उसळलं. बघता बघता ते तिसऱ्या पायरीवर येऊन थांबलं. आजही ते तिथेच आहे. ते पंजे त्यानंतर कुणी पाहिले नाहीत, पण ते नाहीत असंही कुणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. सोनोंडीत प्रत्येक घराने आपल्या पितरांच्या घागरी पुजल्या, आणि सगळ्यांच्या आधी एक घागर विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर ठेवली. ती पहिल्या वर्षी रंगोजीने डोक्यावरून आणली. अजूनही ती त्याच्याच वंशातल्या कुणीतरी आणावी लागते.

आणखीही एक चाल तिथे आहे. गावातलं मूल पहिल्यांदा पाय टाकून चाललं की त्याला विहिरीवर नेतात. काठाच्या भिंतीवर ओला चुना लावतात. आधी आई हात उमटवते, मग मुलाचं मनगट धरून त्याचा हात शेजारी दाबते. मूल रडतं, हात ओढतं, आई सोडत नाही. ज्याला आई नसेल त्याचा हात त्याला वाढवणारं माणूस धरतं, मग ती आजी असो, मामा असो की शेजारीण. कोण कुणाचं, हे तिथे कुणी विचारत नाही. ती भिंत आता पंजांनी भरून गेली आहे, आणि दर दोन-चार वर्षांनी नवीन भिंत बांधावी लागते.

आणि हेळवी अजून येतो. सुगी झाली की बैलाची घंटा वाजते. चिमाक्काच्या पणतवंडांच्या दारात उभा राहून तो नावं घेत घेत मागे जातो. निंबाजीपाशी आला की तो थांबतो, तांब्या उचलतो आणि पाणी पितो. ते नाव तो घेत नाही, ते आता बायकांनी घ्यायचं. तो पाणी पीत असतो तेवढ्यात घरातल्या सगळ्या बायका, म्हातारीपासून परकरातल्या पोरीपर्यंत, दारात येऊन एका सुरात म्हणतात, "लखाई." मग हेळवी मिशा पुसतो आणि पुढचं म्हणतो.